शेवट सांगू नका, एक दृश्य सांगा: देशोदेशीचे सिनेमे

परभाषेतले, कमी पैशांत केलेले, फारशी जाहिरात न झालेले सिनेमे आपण अधूनमधून बघतो आणि दुसऱ्याला "भारी आहे, बघच" एवढं सांगून मोकळे होतो. ऐकणाऱ्याला त्यातून ओ का ठो कळत नाही. म्हणून इथे अट एकच: पूर्ण कथा नको, पुरस्कारांची जंत्री नको. डोक्यातून न जाणारं एखादं दृश्य सांगा.

सुरुवात मीच करतो, मग एकेकाने पुढे लिहावं. असगर फरहादींचा इराणी 'अ सेपरेशन' (२०११). स्मृती गेलेल्या म्हाताऱ्याला सांभाळायला एक बाई ठेवली आहे. त्याचे कपडे ओले होतात, घरात दुसरं कोणी नाही. परपुरुषाचे कपडे बदलले तर पाप लागेल का, हे विचारायला ती आधी फोन लावते. शेजारी उभी असलेली तिची चिमुरडी म्हणते, मी बाबांना सांगणार नाही. पुढे उभं राहणारं सगळं प्रकरण याच धास्तीच्या पोटातून येतं. मात्र तोवर आपण कुणाची बाजू घ्यायची ते ठरवून बसलेलो असतो, आणि फरहादी ती बाजू सारखी बदलायला लावतात.

* * *

शान्ताल अकरमन यांचा 'जान डिलमन' (१९७५). लांबी तीन तासांच्या वर, आणि त्यातला बराच वेळ ब्रुसेल्समधली एक विधवा घरकाम करते. कॅमेरा जागचा हलत नाही. पहिल्या दिवशी तिचं सगळं कसं जिथल्या तिथे: खोलीबाहेर पडताना दिवा बंद, भांडं धुतलं की जागेवर. दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजतात. बस्स, एवढंच. पातेलं हातात घेऊन ती या खोलीतून त्या खोलीत जाते, ठेवावं कुठे तेच तिला सुचत नाही. एरवी पडद्यावर इमारती कोसळल्या तरी ढिम्म बसणारी मी, इथे सावरून बसले. मग गाऊनचं एक बटण लावायचं राहतं. हातातला चमचा खाली पडतो. आपण बघायला शिकलेलो असतो, त्यामुळे यातलं काहीच नजरेतून सुटत नाही.

२०२२ साली 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश सिनेमासिकाच्या, आजवरचे सर्वोत्तम सिनेमे निवडणाऱ्या समीक्षक-कौलात हा पहिला आला. बाईने दिग्दर्शित केलेला सिनेमा त्या पहिल्या जागेवर पहिल्यांदाच पोचला. तेव्हा नाकं मुरडणारेही होते. त्यांनी जन्मात बटाटे किती सोलले असतील कोण जाणे.

* * *

बटाटे मीही सोलतो, तरी अर्ध्यातच सोडला. :) संथ म्हणजे आपोआप खोल, हे मला मान्य नाही. महोत्सवांतून फिरणारे कितीतरी सिनेमे नुसतेच संथ असतात.

माझं मत शॉन बेकरच्या 'टँजरीन'ला (२०१५). अख्खा सिनेमा आयफोनवर चित्रित केलाय. लॉस एंजेलिस, नाताळचा आदला दिवस. दोन ट्रान्स मैत्रिणी, दोघींत मिळून एक डोनट. गप्पांच्या ओघात एकीला कळतं की प्रियकराने आपल्याला फसवलंय. ती तरातरा निघते, आणि कॅमेरा तिच्यामागे धावत सुटतो. तो वेग मोठ्या लवाजम्याला जमलाच नसता.

* * *

'टिम्बक्टू' (२०१४), अब्दररहमान सिसाको. सशस्त्र टोळीने गावात फुटबॉलवर बंदी घातली आहे. पोरं मैदानात उतरतात आणि चेंडूशिवाय खेळतात. पास, गोल, जल्लोष, सगळं साग्रसंगीत. मधूनच एक गाढव मैदान ओलांडून जातं. पहारेकरी आले की सगळे कवायत करू लागतात. याहून जास्त मी काही लिहीत नाही.

* * *

जपानी दिग्दर्शक ओझूंचा 'टोकियो स्टोरी' (१९५३) कुणीच कसा घेतला नाही? मुलं वर्गणी काढून आईवडिलांना समुद्रकाठी विश्रांतीला पाठवतात, म्हणजे खरं तर घरातून कटवतात. रात्रभर शेजारच्या खोल्यांत दंगा. सकाळी दोघं समुद्राच्या कठड्यावर बसतात, उठताना आईला भोवळ येते. दिग्दर्शक त्या भोवळीचा बाऊ करत नाही. दोघं चालू लागतात. वडिलांचं काम करणारे चिशू र्‍यू तेव्हा जेमतेम ४९ वर्षांचे होते, हे नंतर वाचलं आणि पुन्हा त्यांची चाल बघत बसलो.

* * *

'वाजदा' (२०१२): सौदीतली मुलगी सायकलसाठी पैसे जमवते. दिग्दर्शिका हैफा अल-मन्सूर यांना रस्त्यावरच्या पुरुषांत उघड वावरून चित्रीकरण करता येत नव्हतं. गाडीत बसून वॉकीटॉकीवरून त्या सूचना देत. हे डोक्यात ठेवून रस्त्यावरचे प्रसंग बघा.

* * *

वाचतेय सगळं. अट मोडून विचारते: आठ-नऊ वर्षांच्या मुलांसोबत काय बघता येईल?

* * *

माजिद माजिदींचा 'चिल्ड्रन ऑफ हेवन' (१९९७), डोळे झाकून. बहीणभावांत बुटांचा एकच जोड, तोही भावाचा, तिच्या पायाला सैल. शाळेतून पळत येताना एक बूट गटारात पडतो आणि पाण्याबरोबर वाहत सुटतो, ती काठाने धावते. सबटायटल्स सुरुवातीला वाचून दाखवा. बूट पाण्यात पडला की मुलं तुमचं ऐकणारच नाहीत, तेव्हा तुम्हीही गप्प बसा.