1963 ची कॉर्व्हेट स्टिंग रे आवरत नाही, काय करू?

प्रश्न:
ग्रान टुरिस्मो या रेसिंग गेममध्ये 1963 ची स्टिंग रे घेतली. मागची काच मधोमध दुभागलेली आहे ना, तीच. इतकी देखणी की रिप्ले दोन-दोनदा बघतो. पण वेग वाढला की पुढची चाकं हलकी पडतात आणि ब्रेक दाबला तरी गाडी थांबायचं नाव घेत नाही. माझंच चुकतंय का?

उत्तर 1:
तुमचं चुकत नाही, मूळ गाडीच तशी होती. चारही चाकांना ड्रम ब्रेक. डिस्क ब्रेक 1965 च्या मॉडेलपासून आले. ते टोकदार नाकही वेगात हवेने वर उचललं जायचं. मी महिनाभर हीच गाडी चालवली. ब्रेक खूप आधी लावा, तोही गाडी सरळ असतानाच. स्टिअरिंग वळवून ब्रेक दाबलात की मागची बाजू फिरलीच म्हणून समजा. वळणातून बाहेर पडताना मात्र अॅक्सिलरेटर हळूच दाबत न्या, 5.4 लिटरचं व्ही-8 इंजिन काय चीज आहे ते तिथे कळतं!

उत्तर 2:
त्या काचेवरून कंपनीतच वाद झाला होता. डिझायनर बिल मिचेल यांना मधली पट्टी हवीच होती. इंजिनियर झोरा आर्कस-डंटोव्ह म्हणत, मागचं दिसत नाही. 1964 ला ती गेली. आतल्या कॅमेऱ्यातून आरसा बघा, डंटोव्हचं म्हणणं लगेच पटेल. तरी मला पट्टीवालीच आवडते.

प्रश्नकर्ता:
आधी ब्रेक लावून पाहिला. तीन लॅप झाले, एकदाही फिरली नाही. मनापासून आभार!