मदत हवी आहे: गाजलेल्या ब्रिटिश छायाचित्रांची प्रश्नमंजूषा

पाच फोटो, प्रत्येकी ३० सेकंद, चार पर्याय. निवडलेत ते असे: टॅलबटने टिपलेली लॅकॉक अ‍ॅबी या त्याच्या घराची खिडकी (१८३५), फेंटनने टिपलेला क्रिमिया युद्धातला रस्ता (१८५५), स्कॉटलंडच्या लॉक नेस तळ्यातला ‘राक्षस’ (१९३४), कार्शने टिपलेला चर्चिल (१९४१), मॉडेल ख्रिस्टीन कीलर खुर्चीवर (१९६३). सगळे प्रश्न ‘कोणी, कधी’ छापाचे झालेत. फोटो नीट बघावा लागेल असे कसे करू? काही चुकत असेल तर तेही सांगा.

प्रतिसाद १

चर्चिल वगळा. माणूस ब्रिटिश, पण फोटो कॅनडातला: ३० डिसेंबर १९४१, ओटावाचं संसद भवन, फोटोग्राफरही कॅनेडियन. कोणीतरी हरकत घेणारच.

लॉक नेसला ‘कोणी काढला’ विचारू नका. छापला डॉ. विल्सन यांच्या नावावर, बनाव मात्र मार्माड्यूक वेदरेलचा. खेळण्यातल्या पाणबुडीवर मान बसवली होती. न कापलेला फोटो दाखवून मानेची उंची विचारा. लाटा आणि काठ दिसले की राक्षस एकदम चिमुकला होतो.

कीलरची खुर्ची कोणाची, याला ‘आर्ने याकोबसन’ (मूळ खुर्चीचा डॅनिश रचनाकार) हे उत्तर देऊ नका, हमखास होणारी चूक आहे. फोटो काढणाऱ्या लुईस मॉर्लेच्या स्टुडिओतली खुर्ची नक्कल होती. पाठीला वर हात घालण्यापुरतं भोक आहे, ते मूळ खुर्चीला नाही. तेवढाच भाग मोठा करून अस्सल की नक्कल विचारा.

प्रतिसाद २

फेंटनच्या त्याच रस्त्याच्या दोन चौकटी (फोटो) आहेत: एकीत तोफगोळे रस्त्यावर विखुरलेले, दुसरीत रस्ता मोकळा. दोन्ही शेजारी ठेवून ‘आधीची कोणती?’ विचारा. उत्तर गोळ्यांत नाही, उतारावरच्या बारीक दगडांत आहे. गोळेवाल्या चौकटीत ते थोडे खाली घसरलेत, म्हणजे मोकळा रस्ता आधीचा. फोटो मोठ्या रिझोल्यूशनचाच घ्या, नाहीतर दगड पुसट होतात आणि प्रश्नच बाद.

टॅलबटची निगेटिव्ह जेमतेम टपाल तिकिटापेक्षा थोडी मोठी. तावदानं किती, हे विचारा. त्यानेच नोंदवलंय, सुरुवातीला भिंगातून सुमारे २०० मोजता येत. संगणकावर उलटवून पॉझिटिव्ह करू नका, निगेटिव्हमध्ये उजेड काळा दिसतो, ती काळी तावदानं हीच तर गंमत.

आणि फाइलला ‘फेंटन १८५५’ असं नाव देऊ नका. पडद्यावर कोपऱ्यात झळकतं.

धागाकर्ता

चर्चिलच्या जागी काय घेऊ?

प्रतिसाद १

हर्बर्ट मेसनने टिपलेलं, जर्मन बॉम्बहल्ल्याच्या धुरातलं लंडनचं सेंट पॉल्स कॅथेड्रल, २९ डिसेंबर १९४०. लंडनमध्ये ३१ तारखेला छापलं ते ‘कॅथेड्रल टिकलं’ म्हणून. जानेवारीत बर्लिनच्या साप्ताहिकात तोच फोटो ‘लंडन जळतंय’ म्हणून. आधी घुमट झाका, फक्त पुढची पडकी घरं दाखवा आणि शहर विचारा. १५ सेकंदांनी घुमट उघडा.