व्हँपायरला वेताळ म्हणायचं का?

पाटीपेन्सिल: दिवाळी अंकासाठी 'ट्रू ब्लड'वर (एचबीओ, २००८ ते २०१४) लिहितेय. जपानी शास्त्रज्ञ कृत्रिम रक्त तयार करतात, माणसांना चावायची गरज उरत नाही आणि व्हँपायर उघडपणे राहून नागरी हक्क मागू लागतात. गोष्ट लुइझियानातली. याला तिथे 'कमिंग आउट ऑफ द कॉफिन' म्हणतात. समलैंगिक लोक आपली ओळख उघड करतात त्याला 'क्लॉझेट'मधून, म्हणजे कपाटातून, बाहेर येणं म्हणतात, त्यावरची कोटी. 'शवपेटीतून बाहेर येणं' लिहिलं तर नुसतं मढं उठल्यासारखं वाटतं. काय करू? त्यात संपादकांनी सगळीकडे 'व्हँपायर' खोडून 'वेताळ' केलंय.

शुद्धमती: संपादकांचं बरोबर आहे. रिचर्ड बर्टन या इंग्रज लेखकानं १८७० मध्ये वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत नेल्या तेव्हा नावात 'व्हँपायर'च घातलं. मग उलट का नको?

वेंगुर्लेकर: बर्टनसायबान चूक केल्यान म्हणान आपण पण करूची? आरवलीचा वेतोबा म्हणजे वेताळच, आमचा राखणदार आहे. रात्री गावभर फिरतो म्हणून नवसाला चामड्याच्या चपला वाहतात. आजोबांनी वाहिलेली जोडी माझ्या हाताच्या कोपरापर्यंत यायची. केळ्यांचे घड घेणारा देव तो, रक्त कसलं पितोय!

गोधडी: सरळ 'रक्तपिपासू' लिहा.

पाटीपेन्सिल: ती शिवी झाली. शीर्षकदृश्यात 'गॉड हेट्स फँग्ज' (देवाला सुळेवाल्यांचा तिटकारा) असा फलक दिसतो, समलैंगिकांविरुद्धच्या खऱ्या घोषणेवर बेतलेला. त्या फलकवाल्यांच्या तोंडी रक्तपिपासू शोभेल, व्हँपायरांच्या प्रवक्तीच्या तोंडी कसा घालू?

निशाचर: मला ती तुलनाच खटकते. मालिकेतले व्हँपायर खरोखर माणसं मारतात. असो. आपल्याकडे भुतांनाही जातधर्म आहे. मुंजा म्हणजे सोडमुंजीआधी गेलेला बटू, समंध बहुधा ब्राह्मण, खवीस मुसलमान. शब्दही अरबी 'खबीस'वरून. शेजारी कुणाला नको असतो हे दाखवायचंय ना? खवीस लिहा, लगेच कळेल.

शुद्धमती: परका शब्द आहे तो!

निशाचर: म्हणजे आता भुतांनीही कागद दाखवायचे?

गोधडी: त्यातलं डोळ्यांत डोळे घालून 'ग्लॅमर' करणं म्हणजे मात्र अस्सल 'भुरळ घालणं'. बोलावल्याशिवाय त्यांना घरात येता येत नाही हेही ओळखीचं. आजी सांगायची, तिन्हीसांजेला बाहेरून एकदाच हाक आली तर ओ द्यायची नाही. एकदा मी दिली, तर दारात दूधवाला. तिनं तरीही माझ्यावरून मीठमोहऱ्या उतरवल्या.

वेंगुर्लेकर: तीन हाका होईपर्यंत थांबायचं, असं आमच्याकडे.

पाटीपेन्सिल: पेटीचं काय करू? लेख उद्या जायचाय.

निशाचर: 'पेटी' नको, मुंबईत लाख रुपये समजतील. 'खोक्यातून बाहेर'?

गोधडी: २०२२ नंतर खोका म्हटलं की लोक पन्नास मोजतात!

शुद्धमती: 'खोका' मराठी तरी आहे का? मला हिंदी वाटतो.

वेंगुर्लेकर: आमच्याकडे आंब्यांचो खोको असता.