बाळाचे तळवे पिवळे पडलेत, कावीळ असेल का? (सोलापूर)

लेकीची_आई:
लेक 10 महिन्यांची आहे. पंधरा दिवसांपासून तळहात-तळपाय पिवळे दिसतायत, नाकाचा शेंडासुद्धा. ताप नाही, खेळते छान. सासूबाई म्हणतात कावीळच आहे, गावाकडं जाऊन उतरवून आणू. माझा जीव थाऱ्यावर नाही. सात रस्त्याजवळ राहतो. काय करू?

बाळीवेसकर:
खायला काय देता?

लेकीची_आई:
सकाळी गाजर वाफवून मिक्सरमधून काढते, वर चमचाभर तूप. दुपारी लाल भोपळा घालून मऊ भात, संध्याकाळी पपई. मंडईत ताजी गाजरं मिळतायत म्हणून रोजच.

दोन_लेकरांची_माय:
ताई, माझ्या थोरल्याचं अगदी हेच झालं होतं. डॉक्टरांनी त्याला खिडकीपाशी नेलं, खालची पापणी हलकेच ओढून दाखवली. डोळा पांढराशुभ्र! काविळीत डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा होतो, लघवी गडद होते, कधी शी पांढुरकी होते. गाजराच्या पिवळेपणात यातलं काही नसतं.

गाजर, भोपळा, पपईला केशरी रंग देणारं कॅरोटीन तुपातेलात विरघळतं. शिजवून, वाटून, तूप घालून दिलं की अंगात जास्त शोषलं जातं. जादा झालेलं कातडीच्या वरच्या थरात साठतं, घामातूनही बाहेर पडतं. म्हणून तळवे आणि नाक आधी रंगतात. शरीर त्यातून लागेल तेवढंच अ जीवनसत्त्व बनवतं, त्यामुळं अपाय होत नाही.

गाजर कायमचं बंद करू नका, आठवड्यातून दोनदा पुरे. मधे मुगाची खिचडी, नाचणीची खीर, केळं द्या. रंग जायला काही आठवडे, कधी दोन-तीन महिनेही लागतात. रोज तळवे बघत बसू नका, माझा महिना त्यातच गेला.

बाळीवेसकर:
डोळे दिवसाउजेडी बघा, पिवळ्या बल्बखाली फसगत होते. आणि उतरवायला नेऊ नका, कळकळीनं सांगतो. खरी कावीळ असेल तर त्यात दिवस वाया जातात. बालरोगतज्ज्ञांना एकदा दाखवाच. खाणं बदलूनही रंग हटला नाही, किंवा बाळ सुस्त वाटलं, शी घट्ट होत असेल, तर थायरॉईडची तपासणी करतात. थायरॉईड मंद असलं की कॅरोटीन अंगात साठून राहतं.

लेकीची_आई:
आत्ताच गॅलरीत उन्हात बघितले, डोळे पांढरेच आहेत. सासूबाईंनाही दाखवले, त्या म्हणाल्या उद्या दवाखान्यात मीच येते सोबत. रताळं चालेल का?

दोन_लेकरांची_माय:
पांढऱ्या गराचं चालेल. केशरी गराचं सध्या नको.