प्रति: ही सगळी शहरी चैन

‘नेटला जोडलेल्या वस्तू म्हणजे शहरी चैन’ हे वर कुणीतरी म्हटलंय, ते पटलं नाही. आमच्या रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात विहिरीवरच्या मोटारीला मोबाइल स्टार्टर कधीच आलेत. मोटारीला लागणारी थ्री फेज वीज रात्री आली तर घरूनच फोन लावायचा, मोटार चालू! अंधारात बांधावर साप-विंचवाची धास्ती नको. यातले बरेच साध्या टूजी सिमवर चालतात, इंटरनेटही लागत नाही, आणि मला तेच बरं वाटतं. कंपनीच्या सर्व्हरवर विसंबलं की काय होतं ते २०१६ मध्ये रिव्हॉल्व्हच्या (घरातली उपकरणं एकत्र जोडून फोनवरून चालवणाऱ्या हबच्या) ग्राहकांनी पाहिलं: गूगलच्याच गटातल्या नेस्ट कंपनीने त्याची सेवा बंद केली आणि घरातला धडधाकट हब निकामी झाला. ओलावा मोजून ठिबकचा व्हॉल्व आपोआप उघडणारी यंत्रणा मीही घेईन, पण तो हाताने फिरवता येत असेल तरच.