सर्व्हिसिंगहून आणल्यावर गाडीचा अलार्म वाजू लागला? आपापले अनुभव इथे लिहा

गेल्या महिन्यात गाडी सर्व्हिसिंगहून आणली आणि त्याच रात्री पावणेदोनला सायरन सुरू झाला. खाली धावत जाऊन रिमोटने बंद केला. वीस मिनिटांत पुन्हा तेच. आमच्या वरच्या मजल्यावर एक आजी नुकत्याच हॉस्पिटलातून घरी आल्या होत्या. तिसऱ्यांदा वाजल्यावर त्यांचा मुलगा गॅलरीत येऊन उभा राहिला. बोलला काहीच नाही, पण मला फार वाईट वाटलं. माझी गाडी रिमोटऐवजी किल्लीने लॉक केली की अलार्म लागत नाही. ती रात्र तशीच काढली.

सकाळी गॅरेजला फोन केला. "अलार्मला आम्ही हातच लावला नाही, साहेब." ते खरंच होतं. पण ऑइल बदललं होतं, एअर फिल्टर बदलला होता, म्हणजे बॉनेट उघडलं होतं. बॉनेटच्या लॉकपाशी एक छोटा स्विच असतो. बॉनेट उघडं आहे की बंद, हे अलार्मला त्याच्याकडून कळतं. त्याचा कप्लर, म्हणजे वायरी जोडणारा प्लास्टिकचा जोड, अर्धवट बसला होता. अंगठ्याने दाबला, 'टक्' आवाज आला, आणि तेव्हापासून आजवर गाडी गप्प आहे. खर्च शून्य. त्याआधी एका दुकानदाराने मला नवा अलार्म बसवायचा सल्ला दिला होता.

म्हणून कळकळीने सांगतो, सर्व्हिसनंतर अलार्म बिघडला तर आधी जॉब कार्ड (गॅरेजने केलेल्या कामांचा कागद) काढा आणि गाडीत कुठे कुठे हात लागला ते बघा. तुम्हाला काय सापडलं, कसं सापडलं, तेही लिहा.

नाशिकहून

आमच्याकडे दोष बॅटरीचा निघाला. दिवसभर गाडी गॅरेजात दारं उघडी टाकून उभी, आतला दिवा चालू. रोज पहाटे चार-साडेचारला सायरन. धाकट्या भावाने मल्टीमीटर लावला तर सकाळी 11.9 व्होल्ट. चांगली भरलेली बॅटरी इंजिन बंद असताना 12.6 च्या आसपास दाखवते आणि इंजिन चालू केल्यावर 13.8 ते 14.4. आमचं चार्जिंग ठीक होतं, पण निगेटिव्ह टर्मिनल हाताने फिरत होता! दहा नंबरच्या पान्याने आवळला, बॅटरी रात्रभर चार्ज केली, झालं. व्होल्टेज पडलं की काही अलार्मना कोणीतरी दार उघडल्यासारखं वाटतं, हे मला तेव्हा कळलं.

ठाण्याहून

माझ्या गाडीचा अलार्म कंपनीचा नाही, बाहेरून बसवून घेतलेला आहे. एसीच्या कामासाठी डॅशबोर्ड उघडला होता, त्यानंतर दिवसा कधीही वाजायचा. मी ऑफिसात, गाडी सोसायटीत, कारण कळणार कसं? आमच्या वॉचमनकाकांनी आपण होऊन रजिस्टरच्या मागच्या पानावर वेळा लिहून ठेवल्या. 7.10, 11.40, पुन्हा 7.05. त्याच रजिस्टरच्या पुढच्या पानावर पाण्याच्या टँकरच्या नोंदी होत्या आणि वेळा तंतोतंत जुळल्या. टँकर शेजारून गेला की गाडी हादरायची.

ते पान घेऊनच मी इलेक्ट्रिशियनकडे गेले. त्याने स्टिअरिंगखालचं कव्हर काढलं. हादरा टिपणाऱ्या शॉक सेन्सरची काड्यापेटीएवढी डबी चिकटपट्टी सुटून वायरला लोंबकळत होती. ती घट्ट बसवली, तिच्यावरचा बारीक स्क्रू थोडा मागे फिरवून संवेदनशीलता कमी केली, मग काचेवर बोटाच्या पेराने टकटक करून बघितलं. हळू मारलं तर नुसती टिकटिक, जोरात मारलं तर सायरन. काकांचे उपकार मी विसरणार नाही.

चिपळूणहून

आमच्याकडे पावसाळ्यात सर्व्हिस म्हणजे इंजिनावर प्रेशरने पाणी मारणं आलंच. गेल्या वर्षी कप्लरात पाणी गेलं, आठवड्याभराने अलार्म लागायला लागला. उघडला तर पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर. स्प्रेने साफ करून वाळवला. आता मी गाडी देतानाच सांगतो, इंजिन धुवायचं नाही, ओल्या फडक्याने पुसा.

लेस्टर, इंग्लंडहून

इथल्या बऱ्याच गाड्यांत आतली हालचाल टिपणारे अल्ट्रासॉनिक सेन्सर असतात. सर्व्हिसवाल्यांनी आरशाला सुगंधी कार्ड टांगून दिलं होतं. मागची काच बोटभर उघडी राहिली, वाऱ्याने कार्ड हलायचं आणि सायरन. फोक्सवॅगन गटाच्या बऱ्याच गाड्यांत अलार्म कशामुळे वाजला याची नोंद राहते. मित्राने स्कॅनर लावला, त्यात दार नाही, बॉनेट नाही, आतला सेन्सर दिसला. कार्ड काढलं, काच लावली.

कोल्हापूरहून

मी स्वतः गाड्यांचं वायरिंग करतो. सुरुवातीला दादांनी जॉब कार्डाचं लिहिलंय ते शंभर टक्के बरोबर. घरी करून बघण्यासारखं सांगतो. आतला दिवा 'डोअर'वर ठेवा, एकेक दार आणि मग डिकी उघडा-लावा. दिवा किंवा डॅशबोर्डवरची खूण प्रत्येक वेळी लागली-विझली पाहिजे. जे दार लावूनही खूण जात नाही, त्याचा स्विच बघा. मग बॉनेट उघडं ठेवून रिमोटने लॉक करा आणि नंतर बंद करून. ज्या गाडीत बॉनेटचा स्विच अलार्मला जोडलेला असतो, तिथे दोन्ही वेळा गाडीने अगदी सारखीच खूण केली तर त्या स्विचची बातमी अलार्मपर्यंत नीट जात नसावी.

सायरन बंद पडावा म्हणून बॅटरीची वायर काढू नका. काही सायरनांत स्वतःची बॅटरी असते, वायर काढली की तो जास्तच ओरडतो. आणि डॅशबोर्डखाली पिवळे कप्लर दिसले तर तिथे हात घालू नका, ते एअरबॅगचे असतात.

साताऱ्याहून

हे वाचून आत्ता खाली जाऊन आलो. बॉनेट पहिल्याच खाचेवर अडकलं होतं, बोट घातलं तर फट लागत होती. हायवेवरून परवाच ऐंशीने आलोय, मुलं गाडीत होती. वीतभर वरून सोडून नीट लावलं, वर ओढून खात्री केली. दादा, मनापासून आभार.