आराखडा कसला करताय, पहिलं पान लिहा

खडूस खडू
परवा इथेच एका ज्येष्ठ सदस्यांचा लेख आला, 'पहिली कादंबरी नव्वद दिवसांत'. म्हणे आधी एका वाक्यात कथाबीज, मग ते एका पानात, मग प्रकरणवार आराखडा, मग प्रत्येक पात्राचा तक्ता (आवडता रंग, बालपणीची भीती, रक्तगट नाही विचारला हे नशीब) आणि हे सगळं झाल्याशिवाय पहिलं वाक्य लिहायचंच नाही. खाली लोकांची रांग, 'खूप उपयुक्त, सेव्ह केलंय'. सेव्हच करणार, लिहिणार कोण? तिथे उत्तर द्यायला बसलो तर ते इतकं लांबलं की म्हटलं वेगळा धागाच काढू.

माझं म्हणणं एवढंच की पहिल्या कादंबरीचा आराखडा म्हणजे न लिहिण्याचा सगळ्यात प्रतिष्ठित मार्ग. कोणी विचारलं तर 'काम चालू आहे' म्हणता येतं, एक्सेल उघडून दाखवता येतं. मीही केलेत तक्ते. माझ्या डोक्यात आजोळचा, मूर्तिजापूरचा पिठाच्या गिरणीवाला होता. तक्त्यात भरलं, स्वभाव अबोल, ध्येय मुलीचं लग्न. झालं, माणूस तिथेच मेला, पुढे हलेचना. मग सगळं बाजूला टाकलं आणि तो काम करतो तेवढंच लिहायला घेतलं. पीठ पडतं तिथे तो हात धरतो, चिमटीत घेऊन चोळतो, गरम लागलं की दगड जवळ आलेत म्हणून चाक जरा ढिलं करतो. ज्वारीवर गहू टाकायचा तर पहिले मूठदोनमूठ गहू ज्वारीच्या पिठात जाणार, ते कोणाचे जाणार यावरून रोज बायकांशी वाद. त्यातली एक बाई रोज मुद्दाम ज्वारीवाल्यांच्या मागेच नंबर लावते. का लावते हे मला लिहीपर्यंत माहीत नव्हतं. कुठल्या तक्त्यात आलं असतं हे?

तेव्हा नवीन लोकांनो, जे काम तुम्ही जवळून बघितलंय तिथून सुरू करा. शेवट माहीत नसला तरी चालतं.

पेनड्राइव्ह
छान. म्हणजे एक प्रसंग जमला. प्रसंग म्हणजे कादंबरी नव्हे, साहेब.

तुमच्या पद्धतीनं मी लिहिलंय म्हणून बोलतोय. स्फूर्ती येईल तसं, जिथून वाटेल तिथून. पानं भरपूर झाली, मित्रांना वाचायला दिली, लोक वा वा म्हणाले. मग बायकोनं वाचायला घेतली आणि तिसऱ्या दिवशी विचारलं की किल्लारीच्या भूकंपात तुझी नायिका आठ वर्षांची आहे ना, मग 2001 मध्ये ती झेडपीच्या शाळेत मास्तरीण कशी? 1993 ला आठ, म्हणजे सोळाव्या वर्षी नोकरी! आणि हे नुसतं आकडे बदलून निस्तरत नाही. भूकंपात तिला मोठी करावी तर तिनं आजोबांचं बोट धरून मैदानात रात्र काढण्याचं अख्खं प्रकरण जातं, नोकरी पुढे ढकलावी तर नवऱ्याची बदली, सासऱ्याचं मरण, सगळंच सरकतं. दीडेकशे पानं तशीच पडून आहेत. एक वही, त्यात साल आणि प्रत्येकाचं वय, एवढं जरी आधी केलं असतं ना! याला तुम्ही लिखाण टाळणं म्हणणार?

अर्धा कप
दोघांचंही सोडा, माझा राग लेखनसल्ल्याच्या व्हिडिओंमधल्या त्या 'रोज 1667 शब्द'वर आहे. तो आकडा येतो कुठून? अमेरिकेत 1999 साली एका महिन्यात पन्नास हजार शब्द लिहायचा उपक्रम सुरू झाला, म्हणजे दिवसाला 1667. तिथून तो सगळ्या व्हिडिओंमध्ये पसरला. उपक्रम चालवणारी संस्था 2025 मध्ये बंद पडली, आकडा मात्र अमर आहे. आपल्याकडे प्रत्यय, शब्दयोगी अव्ययं सगळं शब्दालाच चिकटतं, तेवढ्याच मजकुराचे शब्द इंग्रजीपेक्षा कमी भरतात. हे कोणी लक्षात घेत नाही आणि लोक रात्री अकराला 'आज सहाशेच झाले' म्हणून रडतात. आणि पहिली कादंबरी जाडच हवी हे कोणी ठरवलं? विश्राम बेडेकरांचं 'रणांगण' बघा, 1939 चं, एवढंसं पुस्तक. अजून वाचतात लोक.

सदाशिवपेठी नाही
आता कोणीतरी भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' आणणारच, त्याआधी मीच आणतो. पंधरावीस दिवसांत लिहिली. कुठला आला होता तक्ता?

पेनड्राइव्ह
आणलीच! अहो, पंधरावीस दिवसांत कागदावर उतरवली. त्याआधीची गाव-पुणे-मुंबईची वर्षं आणि तेवढं वाचन कोण धरणार हिशोबात? 1963 मध्ये नेमाडे पंचविशीत होते हे सगळे सांगतात, आणि ऐकून पंचविशीतला प्रत्येक जण दिवाळीच्या सुट्टीत कादंबरी उरकायला बसतो.

खडूस खडू
हे तर मीच म्हणतोय ना! आत साठलेलं असलं तर तक्ता लागत नाही, नसलं तर तक्त्यानं येत नाही. वयाची वही ठेवा की, कोण नको म्हणतंय. पण ती पन्नास पानं झाल्यावर. पान लिहायच्या आधी वही म्हणजे बारशाआधी लग्नाचा हॉल बुक करणं.

कपाशी
मी अकोल्याची. मूर्तिजापूरचं नाव आलं म्हणून उत्सुकतेनं आले. खडूस खडू, एक विचारते, तुमचा तो गिरणीवाला आणि त्या बायका बोलतात कुठल्या भाषेत?

खडूस खडू
संवादांत थोडा वऱ्हाडी टच दिलाय. निवेदन प्रमाण मराठीत. मी दहावीपासून पुण्यातच आहे.

कपाशी
टच! मला वाटलंच होतं. म्हणजे बायका भांडताना दोन 'काहून' टाकायचे आणि बाकी सगळं पुण्याचं. आराखडा की पान हा तुमचा वाद मला चैनीचा वाटतो. आमच्याकडे लिहायला बसणाऱ्याचं घोडं पहिल्याच वाक्याला अडतं, ते भाषेपाशी. घरात ज्या भाषेत बोललो ती शाळेत बाईंनी तांबड्या पेनानं खोडलेली असते, आणि शाळेच्या भाषेत आमची आई बोलायला लागली की ती आई वाटतच नाही.

माझी पहिली कादंबरी एका प्रकाशनाकडे गेली (नाव नको). संवाद सगळे वऱ्हाडीत. तिथल्या कोणा हुशाराला 'मले' खटकलं, त्यानं सरळ फाइंड-रिप्लेस मारून 'मले'चं 'मला' केलं. प्रुफं आली तर 'मांडवात सगळे पाहुणे जमला', 'चालून चालून पाय दमला'! अख्ख्या पुस्तकभर! मी फोन केला तर म्हणतात, तरी आम्ही बरंच सौम्य केलंय, आमचा वाचक मुंबई-पुण्याचा आहे.

सदाशिवपेठी नाही
फाइंड-रिप्लेस हा गाढवपणाच. पण वाचकाचा मुद्दा अगदीच फेकण्यासारखा नाहीये. शंभर पानं अनोळखी बोलीतलं निवेदन वाचायला दम लागतो. नवीन माणसाला कोण देणार तेवढा वेळ? निदान तळटीपा तरी द्याव्यात. आणि खरं सांगू का, हल्ली बोली हा एक शो झालाय. शहरात फ्लॅटमध्ये राहायचं, मुलं इंग्रजी शाळेत, आणि कादंबरीत आजीची भाषा. परीक्षकांना आवडते म्हणून.

कपाशी
काहून बे, तू मले सांगून राह्यला माही आजी कोन हाय ते? फ्लॅट माह्या पगाराचा हाय आन् भाषा माह्या घरची हाय, तुले काय तरास होऊन राह्यला? हे आता समजलं का तळटीप देऊ?

अर्धा कप
समजलं. शेजारच्या टेबलावरच्यांनाही समजलं, मोठ्यानं वाचलं मी.

पेनड्राइव्ह
ताई, राग बरोबर आहे, पण उद्धव शेळक्यांच्या 'धग' कादंबरीचं उदाहरण घ्या ना. संवाद वऱ्हाडी, तरी महाराष्ट्रभर वाचली गेली. खडूस खडू तेच करतायत, त्यांना का झोडपताय?

कपाशी
'धग'मधली कौतिक बोलते तेव्हा तिच्या तोंडात टच दिलेला वाटतो का तुम्हाला? मी संवादांबद्दल तक्रार करतच नाहीये. पूर्ण निवेदनही बोलीत चालतं, 'गोतावळा' 1971 ची आहे, नायक नारबाच्याच बोलीत सगळी, कागलकडची. ती नागपूरपर्यंत सगळ्यांनी वाचली. तेव्हा कोणी म्हटलं नाही की विदर्भातल्या वाचकासाठी सौम्य करा. सौम्य नेहमी आम्हीच व्हायचं.

सदाशिवपेठी नाही
'गोतावळा' आनंद यादवांनी लिहिली. मी बोलतोय पहिल्यांदा लिहिणाऱ्यांबद्दल.

कपाशी
यादवांचीही ती पहिलीच कादंबरी होती.

सदाशिवपेठी नाही
बरं. मान्य. टाळ्या वाजवा. तळटीपांचा मुद्दा तरीही राहतोच.

खडूस खडू
माझा धागा कुठे गेला कोणी सांगेल का? असो. कपाशीताई, तुमच्या प्रतिसादानंतर पहिलं प्रकरण पुन्हा काढून बघितलं. त्या बाईचं आणि गिरणीवाल्याचं भांडण मी लिहिलंय ते खरंच रेडिओवरच्या कौटुंबिक श्रुतिकेसारखं वाजतंय. पण म्हणून निवेदन बदलणार नाही. सांगणारा मी आहे, मी पुण्यात वाढलेला भाचा आहे, मी वऱ्हाडीत सांगायला लागलो तर तेच खोटं होईल.

कपाशी
मग तो भाचा दिसू द्या ना पुस्तकात. सुट्टीला येतो, त्याला निम्मं समजत नाही, बायका त्याच्यासमोर मुद्दाम भरभर बोलतात. आत्ता तो कुठेच नाहीये, नुसता वरून आवाज येतोय.

पेनड्राइव्ह
आणि हे ठरवणं म्हणजे आराखडा नाही, होय? कोण सांगतंय, कुठे उभा राहून सांगतंय, हे पहिल्या पानाआधी ठरवलं असतं तर ते प्रकरण परत लिहावं लागलं नसतं.

खडूस खडू
प्रकरण लिहिलं म्हणून ते कळलं! एक्सेलमध्ये 'निवेदक: भाचा' असं लिहून काय कळलं असतं?

पेनड्राइव्ह
तुम्ही ऐकणार नाही. ठीक आहे, लिहा पाच वेळा, तुमचा कागद.

अर्धा कप
मला विचाराल तर दोघांपेक्षा हरिभाऊ आपटे बरे. 'पण लक्षात कोण घेतो' 'करमणुकी'त क्रमशः यायची. साप्ताहिक स्वतःचंच, अंक थांबवता येत नाही, मजकूर गेलाच पाहिजे. खडूस खडूंनी दर रविवारी इथे एक प्रकरण टाकावं. चुका काढायला माणसांची कमी नाही, दिसतंच आहे.

संपादक मंडळ
बोलीबद्दलची चर्चा मूळ विषयापासून बरीच दूर गेली आहे. कृपया वेगळा धागा काढावा. वैयक्तिक टीका टाळावी, एकेरीवर येऊ नये.

कपाशी
काढला. 'तळटीप नेमकी कोणासाठी?' सदाशिवपेठी, या तिकडे.

सदाशिवपेठी नाही
आलोच. चहा घेऊन येतो, लांबणार आहे.

खडूस खडू
अहो, आणि इथलं काय? मूळ प्रश्नावर कोणी बोलणार आहे का?

अर्धा कप
सगळे तिकडे गेले हो. तुम्ही धाग्याचा आराखडा केला नव्हता ना.